फळीवरच्या टोप्या ते मांडवातले फेटे: आमची वाटचाल

आजोबांनी इतवारीत टोप्यांचं दुकान टाकलं तेव्हा नागपूर मध्य प्रदेशची राजधानी होतं. दुकान कसलं, दोन फळ्या, एक शिलाई मशीन आणि टोपी ताणायचे चार लाकडी ठोकळे. जागेसाठी मालकाला पगडी मोजावी लागली होती. टोप्या विकायच्या म्हणून आधी पगडी दिली, हा त्यांचा विनोद मी शंभरदा तरी ऐकला असेन.

धंदा तेव्हा सरळ होता. वरच्या फळीवर पांढऱ्या, खालच्या फळीवर काळ्या. आमच्या गावाचं या दोन्ही टोप्यांशी जुनं नातं. डिसेंबर १९२० चं काँग्रेस अधिवेशन इथंच भरलं, असहकाराच्या ठरावावर शिक्कामोर्तब झालं आणि त्याच सुमारास पांढरी टोपी डोक्याडोक्यावर दिसू लागली. १९२५ मध्ये संघाची स्थापनाही इथलीच. पण काळी टोपी काही फक्त शाखेची नव्हती. मास्तर, मुनीम, किराणावाले सगळेच घालायचे. आजोबांचा दंडक एकच होता, गिऱ्हाइकाच्या टोपीवरून राजकारण बोलायचं नाही. तो दुकानात अजून चालतो.

माप घ्यायचं ते भुवयांच्या बोटभर वरून, कानांना न दाबता. बहुतेक डोकी बावीस इंचांची. खादीची टोपी असेल तर आजोबा विचारायचे, “धुणार घरी की धोब्याकडे?” नवी खादी पहिल्या धुण्यात आटते, म्हणून घरी धुणाऱ्याला किंचित सैल द्यायची. साबुदाण्याची खळ कशी करायची, हे वर फुकट सांगायचं.

त्या काळी बोडक्या डोक्यानं माणूस रस्त्यावर दिसला तर लोक दबक्या आवाजात विचारत, “कोणाकडे काही झालं काय?” उघडं डोकं म्हणजे सुतक. देवापुढे, वडीलधाऱ्यांपुढे डोकं झाकलेलंच हवं. साहेबाची रीत याच्या बरोबर उलट, घरात किंवा चर्चमध्ये शिरताना पुरुषानं हॅट काढायची. कामठीच्या छावणीतले एक निवृत्त सुभेदार बेरे, म्हणजे फौजेतली मऊ गोल टोपी, घ्यायला यायचे. फौजेत टोपी नसेल तर सॅल्यूट नाही, हे मला त्यांनी शिकवलं. ताजबागेच्या दर्ग्यात जाताना आजही माणूस निदान रुमाल तरी डोक्यावर टाकतोच, आणि गुरुद्वाऱ्यात तर डोकं झाकल्याशिवाय कोणी शिरत नाही.

बाबांच्या काळात डोकी उघडी पडली. तरुणांना केसांचा फुगा दाखवायचा होता. टोपी म्हणजे म्हातारपण. बाबांनी दुकान तारलं ते टॉवेल-टोपीवर. लग्नात सोयऱ्यांचा मान, सत्कार, तेरवीची देणीघेणी. पुडक्यात डझनभर टोप्या, सगळ्या एकाच मापाच्या. खरं सांगायचं तर मला ती टोपी कधी आवडली नाही. मानाची म्हणायची आणि मापाची चौकशी नाही! पाहुण्याच्या डोक्यावर ती चिमणीसारखी बसते, फोटो निघतो, की दोन मिनिटांत खिशात. पण त्याच पातळ टोपीवर माझं शिक्षण झालं, म्हणून फार बोलत नाही.

२०११ च्या अण्णांच्या आंदोलनानंतर छापील टोप्यांचं पेव फुटलं. हिवाळी अधिवेशनाच्या दिवसांत मोर्चेवाले रात्री फोन करतात, “भाऊ, उद्या सकाळी हजार पाहिजेत.” कापड नॉन-वोवन, एकदा घामेजली की संपली. पैसा मिळतो, टोपी शिवल्याचं समाधान मिळत नाही.

मी दुकान हाती घेतल्यावर फेट्याकडे वळलो. लग्नाला वीस, पन्नास, कधी दीडशे फेटे. तयार शिवलेला फेटा आम्हीही ठेवतो, तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल घेऊन निघणाऱ्या पोरांसाठी तोच बरा. पण मोठ्या माणसाला बांधूनच द्यायचा. कापडाचं एक टोक एकानं धरायचं, दुसऱ्यानं चुण्या घालत यायचं. कापड जमिनीला टेकू द्यायचं नाही आणि ओलांडायचं तर मुळीच नाही. वर तुरा, मागे पाठीवर शेमला.

तिसऱ्याच वर्षी दणका बसला. साठ फेटे, दोन तास आणि माझ्यासोबत एक नवा पोरगा. घाईत त्यानं वधूपित्याचा फेटा सैल बांधला. वरात दारात आली, बिचारे व्याह्यांच्या गळाभेटीला वाकले आणि फेटा सरळ व्याह्यांच्या पायाशी! बँड वाजतच होता, पण मांडव गप्प झाला. कोणीतरी मागून म्हणालं, “इज्जतच पडली ना गा.” वधूपिता माझ्याकडे बघतही नव्हते. मी फेटा उचलून कपाळाला लावला, हात जोडले आणि तिथंच, सगळ्यांसमोर, नव्यानं बांधला. हात थरथरत होते, तीनदा चुकलो. त्या लग्नाचे पैसे मी मागितले नाहीत, त्यांनीही विषय काढला नाही.

तेव्हापासून फेटा बांधून झाला की आम्ही म्हणतो, “काका, एकदा पायाला हात लावा कोणाच्याही.” लग्नात माणूस शंभरदा वाकतो. वाकल्यावर हलला, तर सोडून पुन्हा. मे महिन्याच्या लग्नात, पारा पंचेचाळीसच्या वर असताना, आत आधी सुती रुमाल घालतो. घामानं घसरण्याची भीती राहत नाही.

आता तरुण पोरं फोनवर विचारतात, तेरवीला फेटा चालतो का, सत्यनारायणाला काळी घालू की पांढरी. मी सांगतो, घरातल्या मोठ्यांना विचारा, घराघरात वेगळं असतं; पण तेरवीला भगवा-गुलाबी मागायला आलात तर मी देणार नाही.

मागच्या महिन्यात तेच वधूपिता दुकानात आले. धाकट्या मुलीचं लग्न ठरलंय. आरशासमोर बसून त्यांनी फेटा बांधून घेतला आणि मी काही म्हणायच्या आत उठून, खाली वाकून, माझ्या पायाला हात लावायला निघाले. मी त्यांना खांद्याला धरून थांबवलं. फेटा जागचा हलला नव्हता. मग त्यांनी खुर्ची ओढली आणि ऐंशी फेट्यांचा भाव पाडायला बसले.