पद्मिनीचे नवे दिवे

बाबांच्या प्रीमियर पद्मिनीला आज एलईडी बसवले. फक्त ब्रेक लाइट आणि इंडिकेटर. रात्री वर्धा रोडवर मागच्याला आमचा मंद ब्रेक लाइट दिसतच नाही, म्हणून हा खटाटोप.

बल्ब बसले पटकन, पण इंडिकेटर लुकलुकेचनात. नुसते जळत राहिले. इलेक्ट्रिशियन काका हसले, "अरे बाप्पा, जुन्या फ्लॅशरले गरमी पाह्यजे ना!" खरंच. फ्लॅशर म्हणजे इंडिकेटर लुकलुकवणारी डबी. तिच्या आत धातूची पट्टी असते, ती करंटने तापून वाकते तेव्हा दिवा उघडझाप करतो. एका बाजूचे 21 वॉटचे दोन बल्ब मिळून साडेतीन अँपिअर ओढतात. एलईडीचं त्याच्या दहाव्या हिश्श्यात भागतं. पट्टी तापणार कशी? जादा करंट ओढायला रेझिस्टर लावता येतो, पण तो हात भाजेल इतका तापतो. नागपूरच्या मे महिन्यात गाडीत आणखी एक शेगडी कशाला? इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर आणला, काम झालं.

लाल काचेमागे लालच एलईडी घ्या हो. पांढऱ्याचा बराचसा प्रकाश काचच गिळते. होल्डरचा गंज पॉलिश पेपरने घासला, अर्थिंग नीट केलं. निम्मा उजेड तर त्यातच अडकला होता!

हेडलाइटला हात लावला नाही. त्याचा रिफ्लेक्टर फिलामेंटच्या जागेवर बेतलेला. एलईडीने झोत विस्कटतो, समोरच्याचे डोळे दिपतात. चार्जिंगचा दिवाही जुनाच ठेवला, कारण बॅटरी चार्ज करणाऱ्या आमच्या अल्टरनेटरला सुरुवातीचा करंट त्या बल्बमधूनच मिळतो.