अँटिबायोटिक चालू केलंय, उद्या पाठवू का?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितेय, कारण पाळणाघर चालवायला लागल्यापासून पावसाळ्यात आणि थंडीत हा मेसेज मला सारखा येतो, "काकू, कालपासून अँटिबायोटिक चालू आहे, उद्या पाठवू का?" मी दरवेळी उलट विचारते, डॉक्टर नक्की काय झालंय म्हणाले? कारण दिवस मोजायचे ते आजार बघून.

घसा तपासून स्ट्रेप, म्हणजे घशाचा एक जिवाणू संसर्ग, निघाला असेल तर पहिल्या डोसपासून 12 ते 24 तासांत पसरणं थांबतं. मी 24 धरते आणि ताप उतरलेला हवा. औषध नाहीच दिलं तर तोच घसा 2-3 आठवडे इतरांना लागू शकतो. पण मूल खेळायला लागलं म्हणून बाटली फ्रीजमध्ये विसरू नका हं, पेनिसिलिन-अमॉक्सिसिलिनचा कोर्स बहुतेक 10 दिवसांचा असतो, अर्धवट सोडला तर पुढे ऱ्हुमॅटिक ताप येऊन हृदयाच्या झडपा खराब होऊ शकतात.

साध्या व्हायरल सर्दीला किंवा फ्लूला अँटिबायोटिक लागूच पडत नाही, मग त्याचे दिवस मोजून काय करणार? फ्लू लक्षणं दिसायच्या आदल्या दिवसापासून पुढे 5-7 दिवस पसरतो, लहान मुलांत जास्तही.

मला खरी भीती डांग्या खोकल्याची. आमच्याकडे एक चार वर्षांचा मुलगा होता, दोन आठवडे "नुसती सर्दी आहे" म्हणून येत होता. एके दुपारी झोपेतून उठून खोकायला लागला तो थांबेचना, मध्ये श्वास घ्यायलाही उसंत नाही, चेहरा लालचा निळसर झाला आणि मग हूऽऽप असा आवाज करत हवा आत ओढली आणि सगळं जेवण उलटून पडलं. पलीकडच्या खोलीत तीन महिन्यांचं बाळ झोपलेलं होतं. एवढी लहान बाळं कधीकधी खोकतही नाहीत, त्यांचा श्वासच थांबतो. यात अँटिबायोटिकचे पूर्ण 5 दिवस होईपर्यंत मूल घरीच हवं, आणि औषध नसेल तर खोकला सुरू झाल्यापासून 3 आठवडे. नंतरही खोकला महिना-दोन महिने राहतो, पण तो जंतूने करून ठेवलेल्या जखमेचा असतो, त्यामुळे 5 दिवसांनंतर खोकणाऱ्या मुलाला मी परत घेते. तेव्हा बाकीचे पालक चिडले होते, मी ऐकलं नाही.

हे उलट्या बाजूनेही होतं, धोका टळल्यावरही लोक घाबरतात. आमच्या पाळणाघरात स्वयंपाक करणाऱ्या मावशींना फुफ्फुसाचा टीबी निघाला. योग्य औषधं नियमित घेतली की साध्या, म्हणजे नेहमीच्या औषधांना दाद देणाऱ्या टीबीत साधारण 2 आठवड्यांत पसरण्याचा धोका अगदी कमी होतो, गोळ्या मात्र 6 महिने. मावशी एक दिवस चुकल्या नाहीत, डॉक्टरांनी हो म्हटल्यावर दीड महिन्याने कामावर आल्या, तर एका आईने मुलीसाठी घरून डबा पाठवला, मावशींच्या हातचं नको म्हणून. टीबी खोकल्यातून हवेत पसरतो, पोळीतून नाही, हे मी तिला गेटवरच सांगितलं, आणि दुसऱ्या दिवशी ती परत डबा घेऊन आली तेव्हा पुन्हा सांगितलं.