भरलेला पाय, रिकामा पाय

नेरूळच्या ‘ज्वेल ऑफ नवी मुंबई’ या बागेत सकाळी फिरायला येणाऱ्या ओळखीच्या बायका हल्ली थांबून विचारतात, “बाई, तळ्याकाठी तुमचं इतकं हळूहळू काय चाललेलं असतं?” उत्तर चालता चालता देण्यासारखं नाही, म्हणून इथे लिहिते. आम्ही ताई ची शिकतो, म्हणजे संथ, सलग हालचालींची एक चिनी कला. आणि मी ते आमच्या सरांकडून शिकते. या दुसऱ्या वाक्याला माझ्या लेखी पहिल्याइतकंच महत्त्व आहे.

माझं वय अठ्ठावन्न. आयुष्यभर शाळेत गणित शिकवलं, तेही उभं राहून. उजव्या गुडघ्याची झीज सुरू झाली आहे, असं डॉक्टरांनी एक्स-रे दाखवून सांगितलं. मांडीचे स्नायू बळकट करा, वजन वाढू देऊ नका, चालणं सोडू नका, म्हणाले. त्याच सुमारास आई न्हाणीघरात पडली आणि तिच्या खुब्याचं ऑपरेशन झालं. वॉकर धरून ती पहिलं पाऊल टाकत होती, ते पाहताना मला पुढची वीस-पंचवीस वर्षं स्वच्छ दिसली. गुडघा दुखतो हे खरं, पण मला धास्ती वाटली ती तोलाची. फिजिओथेरपीचे व्यायाम मी नेमाने केले, अजूनही करते. ताई ची त्यांच्या जोडीला आलं, त्यांच्याऐवजी नाही.

सर मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातले, मर्चंट नेव्हीत इंजिनिअर होते. बोट सोडल्यावर काही वर्षं सिंगापूरला नोकरी केली. तिथे घराजवळच्या बागेत पहाटे एक वयस्कर चिनी गुरू शिकवायचे, त्यांच्याकडे ते शिकले. आता सत्तरी ओलांडली आहे, पण अजून आमच्या आधी येऊन स्वतःचा सराव संपवतात. बॅचमध्ये आठच माणसं घेतात. एकदा कुणीतरी विचारलं, आणखी दोघींना घ्या ना. म्हणाले, “आठांच्या वर गेलं की मला पाय दिसत नाहीत.”

सगळ्यात आधी ते पायच पाहतात. मी पहिल्यांदा गेले तेव्हा काही न शिकवता म्हणाले, “नुसत्या उभ्या राहा.” मागून, बाजूने पाहिलं आणि म्हणाले, “बाई, फळ्याशी उभं राहताना तुमचा सगळा भार उजव्या पायावर असणार. अजूनही तसाच आहे.” माझ्या चपलांच्या जोडीत उजवीची टाच नेहमी आधी झिजते, हे मी वर्षानुवर्षं पाहत आले होते. कारण त्या सकाळी कळलं.

मग कितीतरी आठवडे फक्त उभं राहणं आणि चालणं. गुडघे जरासे सैल, टाळू वरच्या दिशेला, खांदे आणि कोपरं खाली सोडलेली, श्वास पोटापर्यंत. एरवी आपण चालतो तेव्हा शरीर पुढे झुकतं आणि पाय ते सावरायला धावतो. इथे तसं चालत नाही. मागच्या पायावर पूर्ण उभं राहायचं, पुढचा पाय रिकामा उचलायचा, टाच टेकवायची, आणि तरीही भार द्यायचा नाही. या क्षणी पुढची जमीन नाहीशी झाली तरी पाय परत घेता आला पाहिजे, असं सर म्हणतात. टाच नीट टेकली की मग एका कळशीतलं पाणी दुसरीत ओतावं तसा भार सावकाश पुढे सोडायचा. हा पाय भरला, तो रिकामा झाला. “आत्ता कुठला भरलेला?” हा प्रश्न ते अचानक विचारतात, आणि उत्तर पायांतून आलं पाहिजे, डोक्यातून नाही.

हळू करणं म्हणजे सोपं करणं, असं बघणाऱ्याला वाटतं. प्रत्यक्षात एका पायावर सावकाश भार पेलताना मांडी थरथरते, जानेवारीच्या सकाळीही घाम येतो. वेगात केलं तर जिथे तोल गेलेला असतो ती जागा झटक्यात ओलांडली जाते. हळू केलं की ती जागा सापडते, आणि सापडली की सुधारता येते.

गुडघ्याच्या बाबतीत सर फार काटेकोर आहेत. गुडघा पावलाच्या दिशेतच वाकला पाहिजे, आत कलंडता कामा नये. वळायचं ते कमरेतून आणि खुब्यातून. ज्यांचे गुडघे दुखरे आहेत त्यांनी भरलेल्या पायावर पाऊल फिरवायचं नाही. आधी भार काढायचा, पाऊल वळवायचं, मग परत भरायचं. माझी बैठक, म्हणजे गुडघे वाकवून उभं राहणं, त्यांनी उंच ठेवली आहे. साप सरपटत खाली जातो अशी एक हालचाल आहे, तीत जवळजवळ जमिनीपर्यंत बसावं लागतं. ती मी अर्ध्यातूनच करते, आणि ते अर्धं कुठे थांबायचं हे सरांनी ठरवून दिलं आहे. माझ्या भाचीने मला प्रेमाने भरपूर व्हिडिओ पाठवले, त्यातले काही उत्तमच आहेत. पण व्हिडिओत शिकवणारा आपल्याला दिसतो, त्याला आपण दिसत नाही. माझा गुडघा आत कलंडतोय हे मला सांगायला कुणीतरी माझ्याकडे बघणारं हवं.

आम्ही शिकतो तो क्रम चोवीस हालचालींचा. चीनच्या क्रीडा आयोगाने १९५६ मध्ये यांग परंपरेतला मोठा क्रम सर्वसामान्यांसाठी आटोपशीर करून तो तयार करवून घेतला. सगळा करायला पाच-सहा मिनिटं लागतात, शिकायला मात्र महिनोन्महिने. ही परंपरा सुरू केली १७९९ मध्ये जन्मलेल्या यांग लुचान यांनी. हनान प्रांतातल्या चेन घराण्याच्या गावात जाऊन ते शिकले आणि पुढे बीजिंगमध्ये शिकवू लागले. त्यांचे नातू यांग चेंगफू यांनी ते मोठ्या, संथ, सलग हालचालींच्या रूपात लोकांपर्यंत नेलं. २०२० मध्ये युनेस्कोने ताई चीला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं. मुळात ही युद्धकला आहे आणि सर ते विसरू देत नाहीत. ‘घोड्याची आयाळ दुभंगणं’ या हालचालीत पुढे जाणारा हात समोरच्याच्या काखेखालून जाऊन त्याचा तोल काढतो, हे त्यांनी एकदा बॅचमधल्या एका तरुणावर हळुवारपणे करून दाखवलं. त्यानंतर आमचे हात शोभेपुरते हलायचे थांबले.

मला सगळ्यात आवडते ती ‘वानराला मागे सारणं’, कारण तीत पाय न बघता एकेक पाऊल मागे टाकायचं असतं. विचार करा, दिवसभरात आपण मागे किती चालतो? लोकलच्या गर्दीत, ओट्यापाशी वळताना, न्हाणीघरात मागे सरकावं लागतं, आणि नेमका तेव्हाच तोल जातो. माझी आई तशीच पडली होती.

अभ्यास काय सांगतात हेही मी वाचलं, गणिताच्या माणसाला आकडे पाहिल्याशिवाय चैन पडत नाही. बोस्टनच्या टफ्ट्स मेडिकल सेंटरमधल्या संशोधकांनी २०१६ मध्ये गुडघ्याच्या झिजेच्या २०४ रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. एका गटाला १२ आठवडे ताई ची, दुसऱ्याला नेहमीची फिजिओथेरपी. दुखणं दोन्हीकडे सारखंच कमी झालं, आणि मनाची उदासी ताई चीच्या गटात अधिक ओसरली. २०१२ मध्ये ओरेगनमधल्या संशोधकांनी पार्किन्सनच्या १९५ रुग्णांवरचा अभ्यास मांडला. त्यात २४ आठवड्यांनंतर ताई ची करणाऱ्यांचा तोल सुधारला आणि नुसतं स्ट्रेचिंग करणाऱ्यांपेक्षा त्यांचं तोल जाऊन पडणं कमी झालं. आमच्या बॅचमध्येही पार्किन्सनचे एक आजोबा आहेत. त्यांची मुलगी शेजारी उभी राहून करते. त्यांचा कंप गेलेला नाही, जाईल असं सरांनी कधी सांगितलंही नाही. पण आजोबा वळताना आता आधी थांबतात, भार बदलतात आणि मग वळतात.

यामुळे गोळ्या बंद होतात, असं कुणी सांगत असेल तर तिथे जाऊ नका, एवढं मी कळकळीने सांगेन. आमचे सर नाव नोंदवतानाच रक्तदाब, चक्कर, ऑपरेशनं, सांधे सगळं विचारतात, डॉक्टरांना विचारून या म्हणतात, आणि रक्तदाबाची गोळी चुकवून आलेल्या माणसाला त्या दिवशी बाकावर बसवतात. शिक्षक निवडताना एक सकाळ नुसतं पाहायला जा. ते सगळ्यांना एकच सूचना देतात की प्रत्येकाला वेगळी? हात लावून सुधारण्याआधी विचारतात का? दुखतंय म्हणणाऱ्याला थांबू देतात का? मला या तीन गोष्टी कुठल्याही प्रमाणपत्रापेक्षा जास्त बोलक्या वाटतात.

आईसाठी मी सरांना घरी बोलावलं. तिच्या फिजिओथेरपिस्टशी फोनवर बोलून मगच ते आले. ओट्याला दोन्ही हातांनी धरून डावा पाय भरायचा, उजवा भरायचा, एवढंच त्यांनी तिला दिलं. आई रोज चहा उकळेपर्यंत ते करते, आणि मी शेजारी असले की मलाच विचारते, “आत्ता माझा कुठला भरलेला, सांग.”

यायचं असेल तर सुती सैल कपडे आणि सपाट, पातळ तळव्याचे बूट पुरतात. जाड सोलच्या बुटांत जमीन कळत नाही. पावसाळ्यात आम्ही सरांच्या सोसायटीच्या स्टिल्टमध्ये करतो, तिथे फरशी ओली असली की क्लास रद्द. सध्या बॅच भरलेली आहे, पण पाहायला कुणालाही मुभा आहे. साडेसहाला सुरू होतं, सर वेळेचे पक्के आहेत.