अनान्सेची गोष्ट सांगायला शिकताना

पतीच्या नोकरीमुळे आम्ही घानात केप कोस्टला राहायला गेलो आणि तिथल्या एका लहान शाळेत मी चौथीच्या वर्गाला इंग्रजी शिकवू लागले. सत्र संपण्यापूर्वी प्रत्येक शिक्षकाने मुलांसमोर अनान्सेची एक तरी गोष्ट सादर करावी, असा त्या शाळेचा शिरस्ता होता. मुख्याध्यापिकांनी मला तीन आठवड्यांची मुदत दिली, तेव्हा दोन पानांची गोष्ट पाठ करायला एवढे दिवस कशाला हवेत, असे मला मनातून वाटले होते.

अनान्से म्हणजे कोळी. घानातल्या अकान लोकांच्या कथांमधला हा नायक लबाड, खादाड आणि कमालीचा हिकमती आहे. कधी तो सगळ्यांना फसवतो, तर कधी स्वतःच्याच युक्तीत अडकतो. त्यांच्या ट्वी भाषेत लोककथांना सरसकट 'अनान्सेसेम' म्हणतात, मग त्या कथेत तो असो वा नसो. केप कोस्टच्या फांटी बोलीतला शब्द 'कोद्झी' आहे. मी निवडलेली कथा सर्वांत प्रसिद्ध होती. जगातल्या सगळ्या कथा आकाशदेव न्यामे याच्या मालकीच्या असतात आणि त्यांची किंमत म्हणून तो अनान्सेला अजगर, बिबट्या, गांधीलमाश्या आणि एक वनपरी पकडून आणायला सांगतो. त्यातला अजगराचा भाग मी घेतला.

शिकवायला आमच्या घरमालकीणबाई तयार झाल्या. त्यांना सगळे 'नाना' म्हणत. आपल्याकडे नाना म्हटले की धोतर आणि टोपी डोळ्यांसमोर येते, पण तिकडे आजी, आजोबा आणि गावचा राजा या सर्वांना हीच आदराची हाक आहे. मी शुक्रवारी जन्मले हे कळल्यावर त्यांनी मला 'एफुआ' करून टाकले, कारण तिथे जन्मवारावरून नाव पडते. मात्र दिवसाउजेडी गोष्ट सांगायला त्यांनी साफ नकार दिला. कथा अंधार पडल्यावरच सांगायची, ही जुनी रीत त्या पाळत होत्या. त्यामुळे आमची शिकवणी रात्री ओसरीवर, आणि 'दुमसोर'च्या दिवसांत, म्हणजे वीज सतत ये-जा करत असे तेव्हा, कंदिलाच्या उजेडात होई.

सुरुवातच विलक्षण होती. सांगणारा म्हणतो की कथा विश्वास ठेवण्यासाठी नसते, आणि ऐकणारे उत्तर देतात की ती जपून ठेवण्यासाठी असते. राजा, पुरोहित, प्रत्यक्ष देव यांची थट्टा करण्याची मोकळीक या एका वाक्याने मिळते. ते म्हणून झाल्यावर मी पाठ केलेली गोष्ट सुरू केली. चौथ्या वाक्याला नानांनी हात वर केला, "थांब, त्या दिवशी मीही तिथे होते," असे म्हटले आणि टाळ्या वाजवत एक गाणे सुरू केले. शेजारच्या दोघीतिघींनी त्यांच्या मागून सूर धरला. गाणे संपेपर्यंत मी गप्प बसून राहिले आणि मग पाचवे वाक्य उचलले.

"तू माझं गाणं संपायची वाट बघत होतीस," नाना म्हणाल्या. "नाचली नाहीस."

कथेत मध्येच शिरणाऱ्या अशा गाण्याला फांटीत 'मबोगुओ' म्हणतात, आणि मला तीन आठवडे पुरले नाहीत ते त्याच्यामुळे. ऐकणाऱ्याला कंटाळा आला, सांगणारा अडखळला किंवा प्रसंग फारच रंगला, तर कोणीही उठून कथा अडवू शकतो. आजोबांबरोबर मी लहानपणी कीर्तने खूप ऐकली होती, पण तिथे अभंग कुठे घ्यायचा हे बुवा ठरवत. इथे ते ठरवण्याचा अधिकार ओसरीवरच्या कोणाचाही होता. केप कोस्टमध्येच १९२४ साली जन्मलेल्या नाटककार एफुआ सदरलँड यांनी नेमके हेच मर्म रंगभूमीवर नेले. त्यांच्या पुढाकाराने एकुम्फी आत्विया या गावात १९६० च्या दशकात 'कोद्झिदान', म्हणजे कथेचे घर, उभे राहिले. आणि 'द मॅरेज ऑफ अनान्सेवा' या १९७५ च्या नाटकात त्यांनी कथा सांगणारा आणि ही गाणी दोन्ही ठेवली.

दुसऱ्या आठवड्यात वेगळीच अडचण निघाली. मी डावखुरी आहे. अजगराला वेलीने बांधण्याचा अभिनय मी डाव्या हाताने केला आणि मग त्याच हाताने श्रोत्यांकडे बोट दाखवले. कोणी हसले नाही, कोणी बोललेही नाही, आणि तेच वाईट होते. घानात डाव्या हाताने काही देणे किंवा दाखवणे हा उघड अपमान समजला जातो. त्यानंतर सरावाच्या वेळी मी डावा हात ओढणीत गुंडाळून ठेवू लागले.

कार्यक्रमाच्या दिवशी, दिवसा गोष्ट सांगायची म्हणून नानांच्या समाधानासाठी, मी वर्गाच्या खिडक्यांना जुनी वर्तमानपत्रे लावली. कथेत अनान्से ताडाची फांदी घेऊन अजगराच्या बिळाजवळून जातो आणि अजगर या फांदीपेक्षा लांब की आखूड, यावर एकटाच दोन्ही बाजूंनी भांडतो. कुतूहल वाटून अजगर बाहेर येतो, मोजून घ्यायला फांदीलगत आडवा होतो आणि बांधला जातो. एक उंच मुलगा आपणहून अजगर होऊन जमिनीवर पडला. मी बांबूची काठी त्याच्या शेजारी ठेवली आणि भांडण वर्गाकडे सोपवले. डावीकडचे बाक "लांब!" म्हणून, तर उजवीकडचे "आखूड!" म्हणून ओरडू लागले. दोन वस्तूंची तुलना करणारी जी इंग्रजी वाक्ये मी दोन आठवडे फळ्यावर लिहून घटवत होते आणि जी कोणाच्याही तोंडी बसत नव्हती, ती त्या पाच मिनिटांत मुलांनी एकमेकांवर दगडासारखी भिरकावली. माझ्या तासाला कधीही तोंड न उघडणारी मुलगी उभी राहिली, त्या दिवशी आपणही तिथे होतो असे तिने जाहीर केले आणि गाणे धरले. पुढचे वाक्य मी साफ विसरले. पण या वेळी मी नाचले, वाईट का होईना, आणि नाचता नाचता अजगराला बांधायचे राहिले आहे हे आठवले.

शेवट ठरलेल्या शब्दांत करायचा असतो: ही माझी गोष्ट गोड असो वा नसो, थोडी घेऊन जा आणि थोडी माझ्याकडे परत येऊ द्या. शाळेच्या पटांगणातून तिथला जुना किल्ला दिसे, जिथून गुलाम म्हणून जहाजांत कोंबलेली माणसे अटलांटिकपार नेली गेली. त्या व्यापारात नेलेल्या अकान लोकांबरोबर अनान्सेही गेला आणि जमैकात आजही त्याच्या गोष्टी सांगतात. गोष्टीचे ते शेवटचे वाक्य उच्चारताना मला माझ्या उच्चारांचीच काळजी होती, हे मात्र खरे.

पुढच्या सोमवारी फाटकापाशी अजगर झालेला मुलगा माझी वाट पाहत उभा होता. त्याने गोष्ट घरी सांगितली होती. त्याच्या आजीचा निरोप होता की मॅडमनी बांधायला शेपटीकडून सुरुवात केली ते चुकले. त्यांच्या घरी अजगराला आधी डोक्याकडून बांधतात.