रोज करतो, तरी तिथेच का?

तुम्ही विचारलंत म्हणून. प्रश्न थोड्याफार फरकाने हाच असतो: "दोन-तीन वर्षं झाली, रोज तासभर देतो. सुरुवातीला भराभर येत गेलं, आता गाडी एका जागी रुतून बसलीय. वय झालं, की मुळात आपल्यात तेवढं नाहीच?" कुणी टायपिंगबद्दल विचारतं, कुणी परक्या भाषेबद्दल, कुणी वाद्याबद्दल. काही जण सरळ म्हणतात, आयुष्यच साचलंय.

या शेवटच्या मंडळींना आधी उत्तर देऊ. आयुष्य साचलंय म्हटलं की कुठून धरावं तेच कळत नाही. त्यातली एकच गोष्ट निवडा, आणि तीही मोजता येईल अशी. "इंग्रजी सुधारायचं" हे मोजता येत नाही. "पाच मिनिटांची बातमी एकदा ऐकून त्यातले दहा मुद्दे लिहायचे" हे येतं. मात्र झोप, भूक, कशातही मन लागणं हे सगळंच दोन-तीन आठवडे उडालेलं असेल, तर वही-पेन बाजूला ठेवा आणि डॉक्टरांना भेटा. तिथे सरावाचे सल्ले कामाचे नाहीत.

आता बाकीच्यांचं. बहुतेकांचा घोटाळा असा की ज्याला ते सराव म्हणतात तो वापर असतो. रोज दहा पानं टाइप करणारा माणूस दहा पानं टाइप करतो, एवढंच. पानं पूर्ण होतात, काम भागतं, आणि ज्या ठिकाणी बोट अडखळतं तिथे ते उद्याही अडखळतं. वाद्यावर रोज तेच चार तुकडे वाजवणाऱ्याचंही तेच. जे येतं ते वाजवायला छान वाटतं, म्हणून हात आपोआप तिकडेच जातो.

हे का होतं ते समजून घेण्यासारखं आहे. पॉल फिट्स आणि मायकेल पोझ्नर या मानसशास्त्रज्ञांनी १९६७ मध्ये कौशल्य शिकण्याचे तीन टप्पे मांडले. पहिल्यात प्रत्येक हालचाल विचार करून करावी लागते. दुसऱ्यात हालचाली एकमेकींना जोडल्या जातात, चुका कमी होतात. तिसऱ्यात हात बसतो, आणि लक्ष दुसरीकडे असलं तरी काम होतं. हा तिसरा टप्पा रोजच्या जगण्याला वरदान आहे. पण जे आपोआप होतं त्यावर नजर राहत नाही, आणि नजर नसली की दुरुस्तीही नाही. शिवाय हात बसताना बरोबर तेवढंच बसत नाही, चुकीचंही तितकंच पक्कं होतं.

रुतलेल्या गाडीची नोंद त्याहून जुनी आहे. विल्यम ब्रायन आणि नोबल हार्टर यांनी १८९७ मध्ये तारायंत्र शिकणाऱ्यांचे आलेख छापले. संदेश पाठवण्याचा वेग बऱ्यापैकी सलग चढत गेला. संदेश ऐकून घेण्याचा वेग मात्र मध्येच आडवा झाला, आठवडेच्या आठवडे तसाच राहिला आणि मग पुन्हा चढला. त्यांनी कारण दिलं ते असं: शिकणारा आधी सुटी अक्षरं ऐकतो, मग अख्खे शब्द, मग शब्दांचे पुंजके. अक्षरं ऐकण्याची कमाल गाठली की वेग थांबतो, आणि शब्द ऐकू येऊ लागेपर्यंत थांबलेलाच राहतो. त्यामुळे थांबलेली रेघ दिसली की पहिला प्रश्न हा: आपण अजून अक्षरंच ऐकतोय का? म्हणजे ज्या लहान तुकड्यांत काम करतोय, ते तुकडेच आता अपुरे पडताहेत का?

एक शब्द अगदी जवळून पाहू. इनस्क्रिप्ट, म्हणजे संगणकावर मराठी लिहिण्याच्या प्रमाणित कळफलकावर "विद्यार्थी" टाइप करायचंय. दहा कळा आणि एकदा शिफ्ट. व आणि वेलांटी, दोन्ही डाव्या तर्जनीच्या. मग द उजव्या हाताचा, हलन्त (अक्षराचा पाय मोडणारी खूण) डाव्या मधल्या बोटाचा, य उजवा, काना पुन्हा डाव्या मधल्याच बोटाचा पण वरच्या ओळीत, र उजवा, हलन्त परत त्याच डाव्या बोटाचा, खालच्या मूळ ओळीत. पाच कळांच्या अवकाशात एकच बोट खाली, वर, खाली असं तीनदा धावलं. आणि नेमकं तेव्हाच थ साठी डाव्या करंगळीला शिफ्ट धरायचंय. करंगळीला जरा उशीर झाला की थ चा त होतो आणि पडद्यावर "विद्यार्ती" उमटतं. दोन्ही हात आळीपाळीने चालत असल्यामुळे एक हात किंचित पुढे पळाला तरी हलन्त आणि अक्षर यांचा क्रम उलटतो आणि भलतंच जोडाक्षर दिसतं.

आता ज्याचा वेग महिनोन्महिने तोच आहे त्याला "आणखी टाइप कर" म्हणून काय होणार? त्याचा वेग बोटांमुळे अडत नसून "र्थ" सारख्या सात-आठ जागांमुळे अडतो. त्या जागा शोधायच्या कशा? पाच मिनिटांचा अनोळखी मजकूर घ्या आणि मागे जाऊन खोडण्याची कळ अजिबात वापरू नका. ही अट महत्त्वाची आहे. सवयीचा हात चूक इतक्या झटकन पुसतो की ती झाली हेच लक्षात राहत नाही. तीन दिवस तीन वेगळे मजकूर टाइप करा, छापा, चुकांवर खुणा करा. एकाच दिवशी दिसलेली चूक सोडून द्या, ती घाई किंवा शिंक असेल. तीनपैकी दोन दिवस दिसलेली चूक तुमची.

मग त्यातली एकच उचला. समजा "र्थ". अर्थ, तीर्थ, समर्थ, पदार्थ, स्वार्थ, प्रार्थना: ही सहा शब्दांची पट्टी निम्म्या वेगाने, ओळीने दहा वेळा, बिनचूक. चुकलात तर वेग आणखी उतरवा. निम्म्या वेगातही चूक येत असेल तर मूळ बोटच चुकीचं पडतंय, ते आधी बघा. दहा वेळा साफ गेलं की मिनिटभर तुमच्या सोयीच्या वेगापेक्षा दहा ते वीस टक्के जास्त वेगाने करा. इथे चुका होणारच, त्या थांबून दुरुस्त करू नका, फक्त कुठे तुटतंय ते पाहा. शेवटी हेच शब्द असलेली चार-पाच वाक्यं नेहमीच्या वेगाने. सगळं मिळून बारा ते पंधरा मिनिटं. पुढच्या तीन-चार दिवशी पुन्हा तेच, मग दुसरी जागा.

जास्तीच्या वेगाचा तो एक मिनिट बरेच जण गाळतात, कारण त्यात फजिती दिसते. पण बिघाड कुठे आहे हे सोयीच्या वेगात दिसतच नाही. सावकाश करताना हात सुधारतो आणि घाईत करताना दोष उघडा पडतो. नुसतं सावकाश करणारे स्वच्छ पण मंद राहतात, नुसतं घाईत करणारे वर्षानुवर्षं त्याच चुका वेगाने करतात.

"माझी मर्यादाच तेवढी" असं म्हणणाऱ्यांना एक प्रयोग सांगावासा वाटतो. अँडर्स एरिक्सन आणि विल्यम चेस यांनी १९८० मध्ये प्रसिद्ध केलेला. एका विद्यार्थ्याला सेकंदाला एक या गतीने अंक ऐकवायचे आणि त्याने ते क्रमाने परत म्हणायचे. सुरुवातीला त्याला चारचौघांसारखे सातच अंक जमत. सुमारे वीस महिन्यांत, दोनशे तीस तासांच्या आसपास सराव झाल्यावर तो एकोणऐंशी अंकांवर गेला. मधे तो अनेकदा अडला. अशा वेळी अंक जरा सावकाश वाचले की त्याला आणखी काही अंक जमत. म्हणजे साठवणीची जागा संपलेली नव्हती, अंक बांधून ठेवण्याचा वेग कमी पडत होता. तो धावपटू होता आणि तीन-चार अंकांचे गट शर्यतीच्या वेळा समजून लक्षात ठेवायचा. अडला की गट बांधण्याची रीत बदलायचा. याच प्रयोगातली दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते: अंकांऐवजी अक्षरं दिली तेव्हा तो परत सहाच्या आसपास आला. त्याची "स्मरणशक्ती वाढली" नव्हती, एक काम करण्याची रीत तयार झाली होती. कोडी सोडवून बुद्धी धारदार होईल आणि मग सगळंच जमेल अशी आशा असलेल्यांनी हे लक्षात घ्यावं. जे हवंय तेच करा.

अंक सावकाश वाचून पाहण्याची ती युक्ती कुठेही चालते. अडलात की एक अट सैल करा आणि बघा. भाषा ऐकताना कळत नसेल तर तेच ध्वनिमुद्रण पाऊणपट गतीने लावा. कळलं, तर शब्द माहीत आहेत, कान मागे आहे, तेव्हा ऐकण्याचा सराव करा. तरीही नाही कळलं तर लिखित मजकूर समोर घ्या. वाचूनही अडत असेल तर शब्दसंग्रहच तोकडा आहे आणि कितीही ऐकलंत तरी फरक पडायचा नाही. दहा मिनिटांत निदान होतं. लोक वर्षभर औषध घेत राहतात आणि निदान करतच नाहीत.

वाचून शिकायच्या विषयांत फसवणूक वेगळी असते. पुन्हा पुन्हा वाचलं की पान ओळखीचं वाटतं, आणि ओळखीचं म्हणजे येतं असा समज होतो. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिके यांच्या २००६ च्या प्रयोगात विद्यार्थ्यांच्या एका गटाने उतारा पुन्हा वाचला, दुसऱ्याने न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा आठवून लिहिणाऱ्यांच्या ध्यानात ५६ टक्के होतं, वाचणाऱ्यांच्या ४२. म्हणून वीस मिनिटं वाचलंत की पुस्तक मिटून दहा मिनिटं कोऱ्या कागदावर लिहा, मग पुस्तक उघडून जे राहिलं ते वेगळ्या शाईत भरा. उद्या फक्त वेगळी शाई बघायची. तेच पुन्हा तीन दिवसांनी, आठवड्याने, तीन आठवड्यांनी. अंतर पडल्यावर आठवायला कष्ट पडतात, ते पडू द्या. सहज आठवतंय तोवर उजळणी केली तर हाती फारसं काही लागत नाही.

मिसळून करण्याबद्दलही दोन शब्द. जॉन शिया आणि रॉबिन मॉर्गन यांनी १९७९ मध्ये दाखवलं की हाताच्या तीन हालचाली एकेक करून घोटल्या तर सरावाच्या वेळी कामगिरी चांगली दिसते, पण सरमिसळ करून घोटणाऱ्यांच्या त्या नंतर जास्त टिकतात. नवी गोष्ट पहिले दोन-तीन दिवस एकटीच घोटा, मग जुन्या दोनांमध्ये मिसळा. गणित करणाऱ्यांनी तर एका प्रकारची वीस उदाहरणं ओळीने सोडवूच नयेत. तिसऱ्यापासून रीत ओळखण्याचं काम संपलेलं असतं, आणि परीक्षेत अडतं ते तिथेच.

वेळ किती? बारीक लक्ष देऊन केलेला सराव नवशिक्याला अर्ध्या तासापलीकडे सहसा पेलत नाही, मुरलेल्यालाही सलग तासाभरानंतर तो पातळ होतो. दोन तास असतील तर सकाळ-संध्याकाळ वाटून घ्या. दहा हजार तास सराव केला की माणूस निष्णात होतो असं जे सगळीकडे ऐकू येतं ते १९९३ च्या व्हायोलिनवादकांच्या अभ्यासातून आलं, आणि ती उत्तम गटाची विसाव्या वर्षापर्यंतची सरासरी होती. तो कुठला उंबरठा नव्हे. एकवीस दिवसांत सवय लागते हेही असंच. लंडनमध्ये झालेल्या आणि २०१० मध्ये छापून आलेल्या अभ्यासात साध्या सवयी अंगवळणी पडायला १८ पासून २५४ दिवस लागण्याचा अंदाज निघाला, मधला आकडा ६६. त्यातच हेही दिसलं की एखादा दिवस हुकल्याने फारसं बिघडत नाही. तेव्हा एक खाडा पडला म्हणून पुन्हा "एक तारखेपासून" सुरू करू नका.

वही ठेवा, पण रोजनिशी नको. चार रकाने पुरतात: तारीख, कोणती जागा घेतली, आकडा, उद्या काय. चौथा रकाना सराव संपताच भरायचा. तो रिकामा असला की दुसऱ्या दिवशी बसल्यावर पहिली दहा मिनिटं "आज काय करू" यात जातात, आणि मग हात पुन्हा ओळखीच्या चार तुकड्यांकडे वळतो. आकडा एकच असावा. वेग आणि चुका दोन्ही एकदम सुधारायला गेलात तर कुठलंच नीट समजत नाही. चुकांचं प्रमाण ठरवून बांधा, म्हणजे शंभर शब्दांत दोन, आणि मग वेग मोजा.

एका गोष्टीची मात्र आधीच तयारी ठेवा. बोटं, पकड, आवाज लावण्याची पद्धत असं मुळातलं काही बदललंत तर आकडा आधी खाली येतो. जुनी रीत वाईट असली तरी मुरलेली होती, नवी अजून पहिल्या टप्प्यात आहे. दोन ते चार आठवडे हे चालू शकतं आणि बहुतेक जण याच काळात जुन्याकडे परततात, विशेषतः रोजचं काम त्याच कौशल्यावर असेल तर. अशा वेळी कामासाठी जुनी रीत काही दिवस चालू द्या आणि सरावाच्या वीस मिनिटांत फक्त नवी, तेव्हा जुनीला शिरकाव नको. नव्या रीतीचा आकडा जुन्याच्या तीन-चतुर्थांशापर्यंत आला की कामही तिच्यावर न्या. याने बदल लांबतो, पण घाईच्या दिवशी अख्खं मोडत नाही.

फरक पडतोय की नाही हे रोज बघू नका, रोजचा आकडा वरखाली होतच राहतो. पहिल्या दिवशीचा मजकूर, ध्वनिमुद्रण, जे काही असेल ते जपून ठेवा आणि सहा आठवड्यांनी तितक्याच अवघड पण नव्या मजकुरावर तीच चाचणी घ्या. जुन्याच मजकुरावर घेतलीत तर तो पाठ झालेला असतो. काहीच हललं नसेल तर तास वाढवण्याआधी पहिल्या तीन दिवसांच्या त्या खुणा केलेल्या कागदांकडे परत जा. बहुधा जागाच चुकीची निवडलेली असते.