आमची वाटचाल : बारा व्होल्ट आणि दीड मीटर वायर

आम्ही रिमोटवर उडणाऱ्या मॉडेल विमानांच्या बॅटऱ्यांचे चार्जर बनवतो. गिऱ्हाईकाचा फोन आला की पहिला प्रश्न ठरलेला, चार्जर किती अँपचा आहे हो? मी उलट विचारतो, तुमची बॅटरी कुठली? तो सांगतो लायपो आहे, 3एस 2200 (विमानातली लिथियम पॉलिमर बॅटरी, तीन सेलची, 2200 एमएएच म्हणजे मिलिअँप-तासांची). मी म्हणतो ती नाही हो, मैदानावर ज्याच्यावरून चार्ज करणार ती बॅटरी. मग पलीकडे शांतता. आमच्या धंद्याची निम्मी कहाणी या शांततेतच आली, उरलेली निम्मी एका वायरची आहे, ती पुढे येईलच.

2007 साली पुण्याजवळ नऱ्ह्यात दहा बाय बाराचा गाळा भाड्याने घेऊन आम्ही दोघांनी सुरुवात केली, मी आणि माझा पार्टनर. दोघं एकाच पॉलिटेक्निकचे. त्याला बोलता यायचं आणि मला सोल्डर मारता यायचं, त्यामुळे कामाची वाटणी करायला बसावंच लागलं नाही. तेव्हा बहुतेकांच्या रिमोटमध्ये आठ सेलचा 9.6 व्होल्टचा निकॅड (निकेल-कॅडमियम) पॅक असायचा आणि विमानातल्या रिसीव्हरला चार सेलचा. ते रात्रभर लावून ठेवायचे आणि सकाळी मैदानावर गेलं की कळायचं की रात्री लाइट गेली होती. म्हणून गाडीच्या बॅटरीवर चालणारा आणि पॅक भरला की आपोआप बंद होणारा छोटा डबा आम्ही करायला लागलो, शिवाय विमानाचं छोटं इंजिन सुरू करताना त्याचा ग्लो प्लग तापवायचे ड्रायव्हर. दर शनिवारी पुण्यातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, तपकीर गल्लीत जायचं, पिशवीभर माल आणायचा आणि येताना चहा. 25 वॅटचा सोल्ड्रॉन (सोल्डर मारायची इस्त्री), एक काट्याचा मीटर आणि सेकंडहँड घेतलेला 20 मेगाहर्ट्झचा दोन चॅनलचा स्कोप (व्होल्टेजचा आलेख दाखवणारं यंत्र) एवढीच हत्यारं. स्कोपवर मी पोरासारखी माया केली, रात्री त्यावर ओढणी घालून ठेवायचो, बायको हसायची.

मग लायपो आल्या आणि सगळा खेळ बदलला. ज्यांना माहीत आहे त्यांनी पुढची दोन वाक्यं सोडून द्या. 3एस पॅक पूर्ण भरला की 12.6 व्होल्ट होतो, आणि खालची बॅटरी, म्हणजे जिच्यावरून चार्ज करायचं ती, असते बाराची, म्हणजे खालच्या टाकीतलं पाणी वरच्या टाकीत चढवायचं, तेव्हा आधी व्होल्टेज बूस्ट करावंच, म्हणजे वाढवावंच लागतं. आणि 2एस आला तर तेच खाली आणायचं. ते बूस्ट सगळं एका रिंगवर, म्हणजे तारेचे वेढे दिलेल्या चुंबकी कड्यावर अवलंबून. बाजारात सगळीकडे मिळायची ती पिवळी-पांढरी रिंग, ती आमच्या फ्रिक्वेन्सीला इतकी तापायची की वरची टेप सुटायची, म्हणून काळी सेंडस्टची (एका चुंबकी मिश्रधातूची) रिंग शोधली आणि पंख्याच्या मोटरी भरणारे एक मिस्त्री होते त्यांच्याकडून वाइंडिंग करून घ्यायला लागलो. एकच जाड तार न घेता सात बारीक तारा पिळून 22 वेढे. मिस्त्री वेढे मोजताना ओठ हलवायचे, मध्ये कोणी बोललं तर सगळं उलगडून पुन्हा पहिल्यापासून. त्यांच्या हातची रिंग आजवर एकही परत आलेली नाही.

2012 मध्ये आमचा 120 वॅटचा चार्जर तयार झाला, आम्ही त्याला नुसतं 'एकशेवीस' म्हणतो. स्क्रीन नाही, तीन एलईडी, एक रोटरी स्विच आणि बॅलन्सिंगला, म्हणजे सगळे सेल सारखे भरायला, जेएसटीची सॉकेटं. स्क्रीन का नाही तर भर उन्हात ती दिसत नाही आणि चार्जर उन्हातच वापरायचा असतो, हे मी आजही सांगतो आणि आजही कुणाला पटत नाही. दुसरी एक गोष्ट मी मुद्दाम घातली होती, खालच्या बॅटरीचं व्होल्टेज 11 च्या खाली गेलं की चार्जिंग बंद. लेड अॅसिड बॅटरी मुळापर्यंत पिळली की ती मरते, आणि गाडीचीच असली तर घरी यायला धक्का मारावा लागतो. याच गोष्टीने पुढे आम्हाला जवळजवळ बुडवलं.

सतरा नंबरचा एकशेवीस सांगलीच्या एका डॉक्टरांनी घेतला. ऊस तुटला की मोकळ्या झालेल्या रानात ते इलेक्ट्रिक ग्लायडर उडवायचे, आणि प्रत्येक चार्जिंगची नोंद वहीत. तारीख, पॅक नंबर, किती एमएएच भरले, किती मिनिटं. पेशंटचा केसपेपर असावा तशी वही. दर दोन महिन्यांनी फोन, तक्रार नाही, नुसता रिपोर्ट. "तीन नंबरच्या पॅकचा मधला सेल जरा मागं राहतोय ओ, चार्जरचं काय नाही, सेलच म्हातारा झालाय." असं गिऱ्हाईक देव प्रत्येकाला एक तरी देवो.

2013 च्या दिवाळीत पार्टनर म्हणाला की बनवण्यात काही राम नाही, बाहेरून आणून विकू. मी नाही म्हटलं. तो गेला. आणि चारच महिन्यांत त्याने आमच्याच गिऱ्हाईकांच्या यादीवर फोन करून निळ्या स्क्रीनचा चार्जर विकायला काढला, आमच्या निम्म्या किमतीत. डब्यावर छापलेलं, 80 वॅट, 6 अँप. मैदानावर लोक दोन्ही डबे शेजारी ठेवून म्हणायला लागले की तुमच्यात आहे ते सगळं यात आहे, वर स्क्रीन पण आहे. आता हिशोब तुम्हीच करा, 80 वॅट आणि 6एसचा पॅक म्हणजे भरताना 25.2 व्होल्ट, भागाकार केला की तीन अँपच्या वर जेमतेम. 5000 चा पॅक एक सीने, म्हणजे साधारण तासाभरात, भरायला पाच अँप लागतात, म्हणजे 126 वॅट, ते आमच्यालाही जरा कमीच पडतं आणि आम्ही तसं पहिल्याच पानावर लिहून देत होतो. तिकडे सहा अँप मिळायचे ते फक्त छोट्या पॅकला. खोटं काहीच छापलेलं नव्हतं, हीच तर गंमत. म्हणून चार्जर घेताना अँप बघू नका, वॅट बघा, आणि वॅटला आपल्या सगळ्यात मोठ्या पॅकच्या भरलेल्या व्होल्टेजने भागा. कोणी विचारलं नाही तरी सांगतो.

त्याचं एक वेळ ठीक होतं, स्पर्धा कुणाला चुकली. पण 2014 च्या जानेवारीपासून आमचे चार्जर परत यायला लागले. तक्रार सगळ्यांची एकच, मैदानावर दहा मिनिटं चालतो आणि लाल दिवा लावून बंद पडतो. इकडे टेबलावर लावला की तासन्‌तास चालायचा, एकदम शहाण्या मुलासारखा. मी मॉस्फेट बदलले, रेफरन्स बदलला, रिंग बदलली, मिस्त्रींना बोललो सुद्धा, त्याची मला अजून लाज वाटते. चार-पाच जणांना कंटाळून कट-ऑफ 11 वरून 10.5 करून दिला, तर त्यातल्या एकाची गाडीची बॅटरी बसली आणि त्याने सगळ्यांना सांगितलं. नाव पडलं, 'कटकट्या चार्जर'. हे नाव कुणी पाडलं ते मला माहीत आहे पण लिहीत नाही. जूनपर्यंत एकही नवी ऑर्डर नव्हती, गाळ्याचं तीन महिन्यांचं भाडं थकलं आणि मी स्कोप विकला. ओढणीसकट दिला.

जुलैत डॉक्टरांचा फोन. त्यांनी त्यांच्या मेव्हण्यासाठी दुसरा एकशेवीस घेतलेला, तो बंद पडायचा आणि सतरा नंबर त्याच बॅटरीवर मस्त चालायचा. मी सुरू झालो, पाठवून द्या, बघतो वगैरे. ते म्हणाले, "अहो, डबा नका बघू, वायरला हात लावून बघा की. नव्याची वायर ताप आल्यागत गरम लागतीय, माझी थंडगार."

फोन ठेवला आणि कोपऱ्यातलं वायरचं रीळ काढलं, ब्लेडने एक तार खरवडली. वर तांबूस, आत पांढरी. अॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा. आतल्या तारा मोजल्या तर अडीच स्क्वेअरच्या (चौरस मिलिमीटरच्या) नावाखाली दीडसुद्धा भरत नव्हती. आता बघा, चार्जर पूर्ण जोरात असताना बॅटरीतून बारा अँप ओढतो. दीड मीटर जायची, दीड मीटर यायची, त्यात क्रोकोडाइल क्लिपला नुसतीच दाबून बसवलेली तार, सगळं मिळून 0.1 ओहम झालं तरी 1.2 व्होल्ट वायरमध्येच गडप. बॅटरीवर 12.1 आहे आणि चार्जरला दिसतंय 10.9. तो बिचारा सांगितलेलं काम करत होता, बॅटरी संपली समजून बंद होत होता. आणि मला टेबलावर का सापडलं नाही, तर लोक कुरिअरचं वजन वाचवायला नुसता डबा पाठवायचे, वायर घरीच, आणि मी माझी टेबलावरची जाडजूड वायर लावून टेस्ट करायचो. सहा महिने!

तो वायरचा सप्लायर पार्टनरनेच जाण्याआधी आणलेला. त्याला माहीत होतं असं मी म्हणत नाही. पण खरं सांगायचं तर ते रीळ मी स्वतः खांद्यावरून वर चढवलं होतं आणि ते हलकं लागलं होतं, मला वाटलं मीटर कमी भरले असतील, भांडू नंतर. तांब्याचं रीळ हलकं लागलं की जिन्यातच खाली ठेवायचं आणि ब्लेड काढायचं.

त्या लॉटच्या सगळ्यांना, म्हणजे 140 जणांना, नवीन वायर आमच्या खर्चाने पाठवली. खऱ्या तांब्याची चार स्क्वेअर, टोकाला थिंबल (धातूची टोपी) दाबून क्रिंप करून वर सोल्डर, क्लिपचे दोन्ही जबडे वायरने जोडलेले, कारण बऱ्याच क्लिपमध्ये करंट एकाच जबड्यातून जातो आणि दुसरा नुसता स्प्रिंगच्या भरवशावर असतो. सोबत अर्ध्या पानाची चिठ्ठी, चूक आमची होती. पैशांची सोय झाली म्हणून एवढं जमलं. साठेक जणांनी पोच दिली, बाकीच्यांनी तोवर निळी स्क्रीन घेतलेली असणार. मिस्त्रींकडे पेढे घेऊन गेलो तर ते म्हणाले, वेढे मोजतोय, थांबा.

त्यानंतरची वर्षं बरी गेली, कॉलेजच्या एरो डिझाइनवाल्या, म्हणजे मॉडेल विमानं बनवणाऱ्या पोरांनी हात दिला, लॉकडाऊनमध्ये इन्व्हर्टर दुरुस्त केले, गाळा आता मोठा आहे.

पार्टनर अजून विकतो. भेटला तर हसतो, मीपण हसतो. पण त्याच्याकडून घेतलेला डबा घेऊन लोक माझ्याकडेच विचारायला येतात की मैदानावर दोनच पॅक का भरतात, तेव्हा मला जरा बरं वाटतं हे लपवत नाही. त्यांना सांगतो तेच इथे सांगतो. 3एस 2200 च्या एका पॅकमध्ये साधारण 24 वॅट-तास मावतात, चार्जरमध्ये वाया जाणारे धरून खालून 29 एक लागतात. तुमची ती यूपीएसमधली 12 व्होल्ट 7 एएचची (अँप-तासांची) बॅटरी कागदावर 84 वॅट-तासांची, त्यातले निम्मेच वापरायचे, म्हणजे दीड पॅक झाला की संपलं. 42 एएचची नेलीत तर आठ पॅक होतात, पण ती उचलायला माणूस लागतो. आता चार सेलची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी मिळते, वजनाला हलकी आणि बरीच खोलवर वापरता येते, पैसे असतील तर तीच घ्या. गाडीची बॅटरी वापरणार असाल तर क्लिपच्या ठिणग्या तिच्या तोंडाशी पाडू नका, फुगलेला पॅक चार्जरला लावूच नका, आणि चांगला पॅक लावूनही चहाला जाऊ नका, जायचंच असेल तर पॅक काढून जा.

परवा सतरा नंबर सर्व्हिसिंगला आला. रोटरी स्विच सैल झाला होता, बाकी काही नाही, मिस्त्रींची रिंग जशीच्या तशी. खोक्यात या खेपेला वायरसुद्धा होती, जुनी, पहिली, आणि वहीच्या फाडलेल्या कागदावर डॉक्टरांचं अक्षर. स्विच बदला, वायर बदलू नका, मोजून परत पाठवा.