एक नंबरचा मामा कुठंय?

बायको व्हिएतनामची, मेकाँग डेल्टातल्या कान थो शहरातली, सायगॉनपासून (म्हणजे आताचं हो ची मिन्ह सिटी) अंदाजे 170 किलोमीटर. यावेळी तिच्या आजीच्या वर्षश्राद्धाला कॉलेजचे तीन मित्र पण चिकटले, म्हटलं चला, तसंही 30 माणसांत तीन कोणाला कळणारेत.

तर पहिला घोळ नात्यांचा. तिकडंही मामा वेगळा, मावशी वेगळी, आत्या वेगळी, हे आपल्याला सोपं (इंग्रजीवाल्यांनी बसावं अंकल-आंटी करत), पण दक्षिण व्हिएतनाममध्ये थोरल्याला नावाने नाही तर 'हाय' म्हणजे दोन म्हणतात, मग पुढचा तीन, असं खाली खाली. आमचा पश्या दिवसभर एक नंबरचा मामा शोधत होता, तो नसतोच रे बाबा!

दारात शिरल्या शिरल्या प्रत्येकजण विचारणार, 'आन कम च्युआ?', भात खाल्ला का? अगदी आपल्यासारखंच, आणि हो म्हटलं तरी वाढतातच. देवघरासारख्या कट्ट्यावर आजीचा फोटो, उदबत्त्या, फळं, आधी तिला नैवेद्य मग आपण. बान्ह सेओ बघून मित्र म्हणे हे तर घावन, तांदळाचं पीठ, हळद, नारळाचं दूध, फक्त पोटात कोलंबी अन् डुक्कर. शाकाहारी मित्राला मी 'आन चाय' (म्हणजे शाकाहारी खातो) म्हणायला शिकवलेलं, मावशीने बिचारीने वेगळं टोफू केलं.

जेवणानंतर बिअर निघाली. श्राद्धाला तिकडच्या बोलीत 'यो' म्हणतात आणि चिअर्स करताना पण 'मोट, हाय, बा, यो!' (मोट, हाय, बा म्हणजे एक, दोन, तीन) ओरडतात, फक्त सूर वेगळा. पश्याने सूर चुकवून तीनदा श्राद्धाचाच 'यो' ओरडून घेतला, दोन नंबरच्या मामांना डोळ्यात पाणी येईपर्यंत हसू.